आमदाराला कवच, अर्जदाराला अपवाद

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एखादा आमदार उठतो आणि नाव घेऊन सांगतो, की नाशकातल्या सातपूरचा अमुक कारखानदार रात्रपाळीत रसायनाचे पाणी नंदिनी नदीत सोडतो आणि कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी भरतच नाही. दुसऱ्या दिवशी ते पेपरात येते. कारखानदाराचा कितीही तिळपापड झाला तरी त्या आमदारावर त्याला अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. राज्यघटनेच्या १९४ व्या कलमाने ते दार बंद केले आहे. पेपरवाल्याने सभागृहातले बोलणे जसेच्या तसे, मनात आकस न ठेवता छापले असेल, तर ३६१-अ कलमाने तोही सुटतो. आता हीच गोष्ट त्याच कारखान्यातला एक फिटर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवतो. त्याला वकिलाची नोटीस येऊ शकते, त्याच्यावर फौजदारी फिर्याद होऊ शकते, आणि एकेक खाडा करून सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात तारखांना उभे राहण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. आमदाराने कोणाकडून तरी ऐकलेले असते, फिटरने पाइप डोळ्यांनी पाहिलेला असतो. कायद्याचा आडोसा मात्र ऐकणाऱ्याला पुरा आणि पाहणाऱ्याला अर्धा.

उदाहरण कल्पित आहे. सातपूरचे सगळे कारखानदार असे नाहीत आणि सगळ्या तक्रारी खऱ्याही नसतात. पण कायदा आहे तो असाच आहे, आणि तो असा का झाला याची हकीकत दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यातला मोठा भाग मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथे घडला. थोडा धागा नाशकालाही चिकटलेला आहे.

बदनामीच्या खटल्यात बचावाचे दोन रस्ते सगळ्यांना ठाऊक असतात. एक, मी तसे बोललोच नाही. दुसरा, बोललो ते खरे आहे. तिसरा रस्ता विशेषाधिकाराचा, आणि तो फारसा कोणी वापरून पाहिलेला नसतो. काही प्रसंग असे असतात, की तिथे माणसाने भीड न ठेवता बोलणे हे समाजाच्या दृष्टीने दुसऱ्याच्या अब्रूपेक्षा महत्त्वाचे ठरते. अशा प्रसंगी बोललेले सिद्ध करता आले नाही तरी बोलणाऱ्याला धरायचे नाही, हा त्यामागचा विचार. हे संरक्षण दोन प्रतींत मिळते. एक पूर्ण: बोलणाऱ्याच्या मनात विष असले तरी विचारणा नाही. विधिमंडळातले भाषण आणि न्यायाधीशाने खुर्चीवरून काढलेले उद्गार या प्रतीत येतात. दुसरे सशर्त: बोलणारा प्रामाणिक होता आणि ज्याला सांगितले त्याला ते सांगण्याचे काही कारण होते, हे दिसले तरच. तक्रारदार, अर्जदार, दाखला देणारा माजी मालक, सोसायटीच्या सभेतला सभासद, हे सगळे दुसऱ्या प्रतीतले. आमदारांना हे पूर्ण संरक्षण देणारा विचार १६८९ च्या इंग्लंडमधला, राजाच्या धाकातून पार्लमेंटला सोडवताना जन्मलेला. न्यायाधीशांना आपल्याकडे ते १८५० च्या कायद्याने मिळाले. म्हणजे दंड संहितासुद्धा यायच्या आधी. सामान्य माणसाचा नंबर नंतर लागला, आणि अर्ध्यावरच थांबला.

ही हकीकत सांगायला १८६२ साल सोयीचे आहे. त्या वर्षी १ जानेवारीला भारतीय दंड संहिता अंमलात आली. बदनामीचे ४९९ वे कलम आणि त्याचे दहा अपवाद तिच्यात होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात महाराज लायबल केस सुनावणीला आली. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात १८६० च्या ऑक्टोबरात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला होता. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी सुनावणीआधीच जातीची बैठक घेऊन महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही असा ठराव केला होता. साक्षीदार अडवण्याच्या या कटाबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंडही झाले. आपल्या समाजात साक्षीदाराचा गळा कोण आणि कसा आवळतो, हे इतके स्वच्छ क्वचितच नोंदले गेले असेल.

तरीही साक्षीदार आले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. महाराजांवर आपण कोणत्या रोगाचे उपचार केले, हे त्यांनी भर कोर्टात शपथेवर सांगितले. रोग कोणता होता हे त्या काळी चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. मुंबई बेटावरच्या त्या कोर्टात इंग्लंडचा कायदा चाले, आणि त्या कायद्यात साक्षीच्या पिंजऱ्यात विषयाला धरून बोललेल्या शब्दासाठी साक्षीदारावर दावा होत नसे. भाऊ दाजी उद्या आपल्यावर फिर्याद होईल का, असा विचार करत उभे राहिले असते, तर त्यांनी किती सांगितले असते? २२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. मुख्य न्यायाधीश सॉस यांनी वर्तमानपत्राला विशेषाधिकाराचा बचाव दिला नाही, पण आरोप खरे ठरले म्हणून खटला मुख्यतः करसनदासांच्या बाजूने गेला. दुसरे न्यायाधीश आर्नोल्ड पुढे गेले. पत्रकार हा लोकशिक्षक असतो आणि असे विषय मांडणे त्याचे कर्तव्यच आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढच्या शतकभरात मराठी संपादकांनी आर्नोल्ड यांचे हे मत डोक्यावर घेतले. सॉस यांचे मत मात्र कायद्याने धरले.

त्याची किंमत वीस वर्षांनी दोन तरुणांनी मोजली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली, आणि वर्षभरात त्यांच्यावर कोल्हापूरचे प्रकरण आले. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे दाखवणारी पत्रे आगरकर-टिळकांच्या हाती आली. त्यांनी ती खरी मानून लिहिले. बर्व्यांनी फौजदारी फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ ला दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. जामिनाच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे पुढे आले होते. २६ ऑक्टोबरला दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, आणि त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. पुढे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. छळाची शंका अगदीच अनाठायी नव्हती, असे म्हणायला जागा राहते. पण खटल्यात शंकेला जागा नव्हती.

या खटल्याची आठवण आपण टिळक-आगरकरांच्या मैत्रीची गोष्ट म्हणून काढतो. कायद्याच्या अंगाने तिचे महत्त्व वेगळे आहे. दोघांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती, पण दंड संहितेत सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेले काही सद्भावनेने केले असे मानायचे नाही, असे ५२ वे कलम सांगत होते. इंग्लंडच्या दिवाणी कायद्यात सशर्त विशेषाधिकार मोडण्यासाठी समोरच्याने तुमचा आकस सिद्ध करावा लागतो. इथल्या फौजदारी कायद्यात तुम्ही तुमची काळजी सिद्ध करायची. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेले, आणि ते आजही तिथेच आहे.

आणखी एक. हीच पत्रे त्या दोघांनी छापण्याऐवजी मुंबईच्या गव्हर्नराकडे अर्जासोबत पाठवली असती, तर ४९९ चा आठवा अपवाद त्यांच्या मदतीला येऊ शकला असता. ज्याच्या अखत्यारीत विषय आहे त्याच्यापुढे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी नव्हे, असे तो म्हणतो. पण ज्या सरकारच्या कारभाराविरुद्धच गाऱ्हाणे, त्याच्याच दारात अर्ज टाकून संपादकांनी गप्प बसावे, अशी अपेक्षा धरणे हास्यास्पद होते. आठव्या अपवादाची ही मूळची लंगडी बाजू आहे. दाराच्या आत बसलेला ऐकेल, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

नाशकाचा धागा याच्या पुढचा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. टिळक तेव्हा मंडालेत होते. तरी व्हॅलेंटाइन चिरोल या लंडनच्या 'टाइम्स'च्या पत्रकाराने १९१० साली 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडच्या आणि जॅक्सनच्या खुनाचा ठपका फिरवून टिळकांच्या लेखनाच्या दारात नेऊन ठेवला. टिळकांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. १९१९ च्या जानेवारीअखेर न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे तो चालला. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, टिळकांकडून सर जॉन सायमन. २१ फेब्रुवारीला टिळक हरले आणि खर्चाचा डोंगर लोकवर्गणीतून फेडावा लागला.

चिरोलला विशेषाधिकाराची गरजच पडली नाही. त्याने सत्याचा बचाव घेतला, आणि त्याच्या पाठीशी हिंदुस्थान सरकारची दप्तरे होती. 'खरे असेल तर भीती कशाला?' असा सल्ला देणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा. कोर्टातले सत्य कागदांनी सिद्ध होते, आणि कागद ज्याच्या कपाटात असतात त्याला ते सोपे जाते. कारखान्याचे हजेरीपुस्तक, सांडपाण्याच्या नोंदी, भविष्यनिर्वाह निधीची चलने कामगाराच्या ट्रंकेत नसतात. विशेषाधिकार हा बचाव मुळात अशाच माणसासाठी हवा. खरे बोलतोय, पण सिद्ध करण्याची ऐपत नाही, अशासाठी.

आता या हकीकतीतला सर्वात दुर्लक्षित भाग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबई हायकोर्टाने साक्षीदारांना मोठे संरक्षण दिले होते. 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाबाजी' आणि 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळकृष्ण विठ्ठल' या निवाड्यांत साक्षीत बोललेल्या शब्दांसाठी साक्षीदारावर बदनामीची फिर्याद चालणार नाही, असे धरले गेले. नगरजी त्रिकमजींच्या प्रकरणात वकिलालाही तसेच वाचवले. इंग्लंडच्या कायद्यातले तत्त्व इथल्या फौजदारी कायद्यातही लागू आहे, असे त्या न्यायाधीशांना वाटत होते. हे निवाडे टिकले असते, तर आज चित्र वेगळे असते.

ते टिकले नाहीत. १९२६ च्या विधी-अहवालात छापलेल्या 'बाई शांता विरुद्ध उमराव अमीर मलेक' या प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने वेगळी दिशा घेतली. दंड संहिता ही स्वयंपूर्ण आहे, बदनामीला जे अपवाद आहेत ते ४९९ मध्ये लिहिलेले आहेत, आणि न्यायालयाने बाहेरून इंग्लंडचा अकरावा अपवाद आणून चिकटवायचा नाही, असा तो विचार. कलकत्ता आणि मद्रासही त्याच सुमारास याच मुक्कामाला पोचले. कायद्याच्या अक्षरापुरते पाहिले तर पूर्णपीठाचे चुकले असे म्हणणे अवघड आहे. जे कायदेमंडळाने लिहिले नाही ते न्यायाधीशाने लिहू नये, हे बरोबरच. पण परिणाम काय झाला? एकाच पिंजऱ्यातल्या एकाच वाक्याला दोन नशिबे आली. त्या वाक्यासाठी कोणी नुकसानभरपाई मागितली तर दिवाणी न्यायालय म्हणते, पूर्ण संरक्षण आहे, दावा चालणार नाही. त्याच वाक्यासाठी कोणी तुरुंगाची मागणी केली तर फौजदारी न्यायालय म्हणते, सद्भावना होती हे आधी दाखवा. पैशाच्या धोक्यापासून पुरा आडोसा, तुरुंगाच्या धोक्यापासून अर्धा. कोणत्याही शहाण्या माणसाने हे उलटे केले असते.

पुरावा कायद्यात एक फट होती आणि आहे. साक्षीदाराला उत्तर देणे भाग पाडले, तर त्या उत्तरावरून खोट्या साक्षीखेरीज दुसरा खटला त्याच्यावर भरता येत नाही. पण त्याला भाग पाडले असे कधी म्हणायचे, तर अनेक निवाड्यांप्रमाणे त्याने आधी हरकत घेतली असेल तेव्हा. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेला लेथ ऑपरेटर 'साहेब, या प्रश्नाला माझी हरकत आहे, पण आपण सांगता म्हणून उत्तर देतो' असे म्हणेल, हे फक्त कायद्याच्या पुस्तकातच घडते.

दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरचे कवच या काळात जाड होत गेले. १९५६ साली फिरोज गांधींच्या विधेयकातून संसदेच्या कामकाजाच्या बातम्यांना संरक्षण मिळाले. आणीबाणीत ते काढून घेतले गेले, १९७७ साली परत आले, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याची व्याप्ती राज्यांच्या विधिमंडळांपर्यंत नेऊन ते घटनेत पक्के केले. याचे फळ मराठी वर्तमानपत्राला मिळाले. १९८४ च्या फेब्रुवारीत 'लोकमत'ने विधानसभेतली बातमी दिली. माजलगाव आणि जायकवाडीच्या सरकारी पैशांच्या अपहाराबद्दल प्रश्न विचारला गेला होता आणि मंत्र्यांनी काही नावे घेतली होती. त्यांतल्या एकाने संपादक जवाहरलाल दर्डा यांच्यावर फिर्याद केली. सभागृहातले उत्तर जसे होते तसे, ते खरे मानून छापले, ही बदनामी होत नाही, असे म्हणून सुप्रीम कोर्टाने १९९८ साली ती संपवली. निकाल योग्यच होता. फक्त १९८४ ते १९९८ हा काळ वाचकाने मनात मोजून पाहावा. त्याच सुप्रीम कोर्टाने १९८१ साली मुंबईच्या 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांना मात्र तसे सोडले नव्हते. त्यांच्या बाजूने सरकारी चौकशी अहवालाचा आधार सांगितला जात होता. तरी सद्भावना खटल्यातच सिद्ध करा, असे बहुमताने सांगितले गेले. अहवाल गोपनीय होता, विधानसभेत वाचलेला नव्हता. वाचला गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणजे माहिती तीच, पण ती कोणाच्या तोंडून बाहेर आली यावर संरक्षण ठरते.

नगरसेवकांनीही इथे थोडे थांबावे. १९४ वे कलम विधिमंडळापुरते आहे. नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनातल्या महासभेला ते लागत नाही. सातपूर विभागाच्या प्रभाग समितीत ठेकेदाराचे नाव घेऊन कोणी 'चोर' म्हटले, तर त्याला फार तर सशर्त संरक्षण आहे. आपले काही सदस्य महासभेत ज्या आवाजात बोलतात, त्यावरून त्यांना हे माहीत असावे असे वाटत नाही.

सातपूरचा उल्लेख सुरुवातीला केला तो उगीच नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्र्यंबक रस्त्यालगतच्या या गावाच्या शेतांत पुढे वसाहत उभी राहिली. मोठ्या गाड्यांचे कारखाने आले, त्यांच्यामागून नट-बोल्टपासून पत्र्याच्या कापाकापीपर्यंत सगळे करणारे लहान गाळे आले, सहकारी औद्योगिक वसाहत आली, कामगार विमा रुग्णालय आले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात गेले. जिथे एवढी माणसे हजेरीवर जगतात तिथे अर्ज हा रोजचा व्यवहार असतो. कंत्राटी कामगारांना किमान वेतन नाही, प्रेसच्या मशीनला गार्ड नाही, सुपरवायझर बायकांशी नीट बोलत नाही, ठेकेदार बोनसच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतो. यातला प्रत्येक अर्ज कोणाचे तरी नाव घेतो, आणि नाव घेतले की बदनामीचा प्रश्न उभा राहतोच.

असा अर्ज कसा तयार होतो ते पाहण्यासारखे आहे. झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात माणूस उभा राहून सांगतो आणि टायपिस्ट आपल्या साच्यात बसवतो. 'प्रति, मा. सहायक कामगार आयुक्त'. मग विषय, मग 'महोदय, वरील विषयास अनुसरून'. मजकूर साधारण ठीक असतो. घोटाळा खाली होतो. सही झाल्यावर टायपिस्ट विचारतो, 'प्रत कोणाला टाकू?' आणि यादी सुरू होते: मा. मुख्यमंत्री, मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस आयुक्त, आणि शेवटी 'सर्व दैनिकांचे संपादक'. अर्जाला वजन यावे म्हणून हे केले जाते, आणि कोणीच दखल घेत नाही या अनुभवातूनच ही सवय लागली आहे. पण आठवा अपवाद फक्त त्या अधिकाऱ्यासाठी आहे, ज्याच्या अखत्यारीत तो विषय आणि तो माणूस येतो. कामगार आयुक्ताला लिहिलेले वाक्य संरक्षित, तेच संपादकाला गेले की आडोसा सुटला. मग नववा अपवाद, सार्वजनिक हिताचा, शोधत बसावे लागते. अर्जाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला, तर त्याचाही भरवसा राहत नाही. गेट मीटिंगचे तसेच. सभासदांना त्यांच्या हिताचे सांगणे एक, आणि रस्त्यावर कर्ण्यातून मालकाच्या घरच्या भानगडी काढणे दुसरे.

हे संरक्षण एकतर्फी नाही, हेही सांगायला हवे. कंपनीने कामगाराला आरोपपत्र दिले, खातेनिहाय चौकशी केली, त्यात चोरीचा ठपका ठेवला, तर तिलाही याच सशर्त विशेषाधिकाराचा आधार असतो. नोटीस त्याच्या हातात दिली तर ठीक, गेटवर चिकटवून त्याच्या जातगोतासमोर त्याला उघडे पाडले तर प्रश्न येतो. बचाव दोघांना सारखा आहे. दोघांकडचे वकील सारखे नसतात, एवढाच फरक.

आपल्या कायदेमंडळाला हे अजिबात कळत नव्हते असे नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ११८-अ कलम घातले गेले, आणि तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचे असा नियम झाला. तक्रारदार उघडा पडला की पुढे कोणी तक्रारच करत नाही, हे तेव्हा ओळखले गेले होते. मात्र नाव फुटले तर पुढे काय, याचे उत्तर ४९९ मध्येच राहिले. २०१६ साली सुब्रमण्यम स्वामींच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने फौजदारी बदनामी घटनेला धरून आहे असे सांगितले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातलेच एक प्रकरण त्या कोर्टापुढे गेले. एका नागरिकाने उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे दुकानाच्या अतिक्रमणाबद्दल अर्ज केला होता, आणि दुकानदाराने बदनामीची फिर्याद केली होती. सुप्रीम कोर्टाने आठवा अपवाद वाचून फिर्याद रद्द केली. तक्रारदार जिंकला याचा आनंद आहे. पण तालुक्याच्या अर्जासाठी सुटका दिल्लीत मिळते, हे कोणत्या कामगाराला परवडेल?

दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली ती १ जुलै २०२४ पासून. १६२ वर्षांनी पाटी नवी लिहायची संधी होती. ४९९ चे ३५६ झाले, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला, दहाच्या दहा अपवाद तसेच उतरले. विधी आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत २८५ व्या अहवालात फौजदारी बदनामी ठेवावी असेच म्हटले. एक चांगली गोष्ट फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झाली. फिर्यादीची दखल घेण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीला म्हणणे मांडायची संधी द्यायची आहे. आठवा अपवाद तिथेच, पहिल्याच टप्प्यावर तपासला गेला तर अनेक फिर्यादी दारातच थांबतील. नाशिकच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून एवढी अपेक्षा आज, कायदा न बदलताही, करता येते.

पण खरे काम कायदेमंडळाचे आहे. १९२६ च्या पूर्णपीठाने चेंडू तिथेच टोलवला होता आणि तो शंभर वर्षे पडून आहे. खोट्या तक्रारींचे काय, हा आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. त्यासाठी कायद्यात आधीच सोय आहे. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा न्याय संहितेच्या २१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, खोटी साक्ष २२९ खाली, खोटा फौजदारी आरोप २४८ खाली. यांतल्या पहिल्या गुन्ह्याची दखल त्या लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरून घेतली जाते, आणि न्यायालयाच्या कामकाजातल्या खोट्याची न्यायालयाच्या तक्रारीवरून. म्हणजे ज्याची फसवणूक झाली त्याच्या हातात चावी आहे, ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली त्याच्या हातात नाही. बदनामीच्या कलमाने तीच चावी तक्रार झालेल्याच्या हाती दिली आहे. हे दुहेरी कुलूप कशासाठी?

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती मिळाली तर महाराष्ट्राला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. महिलांवरील अत्याचारांविरुद्धच्या 'शक्ती' विधेयकाच्या वेळी आपण हाच रस्ता धरला होता. ते विधेयक संमतीवाचून अडले, पण त्यात फाशीपर्यंतच्या तरतुदी होत्या. इथे मागणी एका अपवादाची आहे: अधिकार असलेल्या लोकसेवकाकडे केलेली लेखी तक्रार, आणि न्यायालयात किंवा कायदेशीर चौकशीत विषयाला धरून केलेले निवेदन, ही बदनामी नव्हे. ती खोटी असल्याचे माहीत असून केली असेल, तर २१७, २२९ आणि २४८ ही कलमे आहेतच. नाशिक पश्चिमच्या आमदारांच्या मतदारसंघात सातपूर येते. त्यांनी आणि जिल्ह्यातल्या बाकीच्यांनी पक्ष बाजूला ठेवून हे अशासकीय विधेयक मांडावे.

तोवर सातपूरच्या कामगाराने अर्ज ज्याच्या अखत्यारीतला विषय आहे त्याच्याच नावाने लिहावा, ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळे मांडावे, प्रतींच्या यादीत पेपरांची नावे घालू नयेत, आणि आवक विभागाचा शिक्का व तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये.